‘मी’ जे टाळतो ते : अस्वस्थ किशोराचे प्रथमपुरुषी निवेदन कसे वाचावे आणि कसे लिहावे

कादंबरीतला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा स्वतःची हकीकत स्वतःच सांगू लागला की आपले लक्ष प्रथम त्याच्या मतांकडे जाते. शाळा भंकस आहे, मोठी माणसे ढोंगी आहेत, सोबतची मुले कंटाळवाणी आहेत, अशा वाक्यांखाली आपण रेघा मारतो आणि त्यांवरून त्याचा स्वभाव ठरवून मोकळे होतो. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण मते ही अशा मुलाने घातलेली सर्वांत बाहेरची भिंत असते आणि ती लोकांना दिसावी म्हणूनच त्याने घातलेली असते. त्याला दुखते कुठे, हे शोधायचे तर त्याचे वाक्य कुठे अचानक वळते, कोणती गोष्ट तो किती उशिरा सांगतो, कोणता शब्द नको तिथे पुन्हा पुन्हा येतो आणि कोणते काम तो ‘करतो, करतो’ म्हणत शेवटपर्यंत करत नाही, याकडे पाहावे लागते.

हे पाहण्याची एक पद्धत येथे टप्प्याटप्प्याने मांडली आहे. उदाहरणासाठी जे. डी. सॅलिंजर यांची १९५१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘द कॅचर इन द राय’ ही कादंबरी घेतली आहे. तिचा निवेदक होल्डन कॉलफील्ड जगभर वाचला गेला आहे, आणि माझ्या मते तितकाच वरवर वाचला गेला आहे. मराठी वाचकाला तो परका वाटू नये याला आणखी एक कारण आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची (१९६३) चर्चा निघाली की या कादंबरीशी तिची तुलना अनेकदा होत आलेली आहे. ज्यांनी ‘कॅचर’ अजून वाचलेली नाही त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ती वाचावी, हे उत्तम. तिच्यातील माहिती ज्या क्रमाने आणि ज्या विलंबाने मिळते त्यातच तिचे मर्म आहे, आणि पुढे तो क्रम उघड केला आहे.

तयारी

कादंबरी दोनदा वाचावी. पहिले वाचन नुसते वाचन असावे, त्यात हातात पेन्सिल घेऊ नये. दुसऱ्या वाचनासाठी एका वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात निवेदकाने सांगितलेली गोष्ट, दुसऱ्यात ती कितव्या प्रकरणात आली तो आकडा, आणि तिसऱ्यात ती सांगण्याआधी लगेच काय चालले होते आणि सांगून झाल्यावर तो कोणत्या विषयाकडे वळला, याची एका ओळीत नोंद. ‘कॅचर’ची प्रकरणे २६ आहेत आणि बहुतेक लहान आहेत, त्यामुळे हे काम वाटते तितके किचकट नाही. तिसरा रकाना भरण्याचा कंटाळा येतो, आणि नेमका तोच पुढे सर्वांत उपयोगी पडतो.

पहिली पायरी : निवेदक कुठे बसून बोलतो आहे ते ठरवावे

प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी’ नेहमी दोन असतात. एक घटना भोगणारा आणि दुसरा ती नंतर सांगणारा. दोघांमध्ये किती अंतर आहे हे आधी मोजावे. होल्डन घटनांच्या वेळी १६ वर्षांचा आहे, सांगताना १७ वर्षांचा. स्वतःबद्दल तो म्हणतो की आपण कधी कधी तेरा वर्षांच्या पोरासारखे वागतो. घटना डिसेंबरमधल्या, नाताळच्या तोंडावरच्या एका शनिवारपासून सोमवारपर्यंतच्या आहेत. पेन्सी नावाच्या निवासी शाळेतून त्याला काढून टाकलेले आहे, पाचपैकी चार विषयांत तो नापास आहे, आणि घरी कळण्याआधी तो न्यूयॉर्कमध्ये एकटा भटकतो. चाळीस वर्षांनंतर मागे वळून पाहणारा प्रौढ निवेदक येथे नाही. त्यामुळे ‘तेव्हा मला कळत नव्हते, आता कळते’ अशा शहाणपणाची सोयही नाही. जे तेव्हा कळले नव्हते त्यातले बरेचसे सांगतानाही कळलेले नाही, आणि वाचकाला काम उरते ते यामुळेच.

आता जागा. पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की गेल्या नाताळनंतर आपली तब्येत ढासळली आणि विश्रांतीसाठी आपल्याला येथे यावे लागले. क्षयाचा उल्लेखही तो जाता जाता करतो. ठिकाण हॉलिवूडपासून फार दूर नाही एवढे कळते, नाव कळत नाही. आपण हे आरोग्यधाम आहे असे समजून पुढे जातो. शेवटच्या, अगदी छोट्या प्रकरणात तिथल्या एका मनोविश्लेषकाचा उल्लेख येतो, तोही वैतागाच्या सुरात, की सप्टेंबरपासून अभ्यास नीट करणार का असे तो सारखा विचारतो. शरीराचा आजार पहिल्या पानांवर आणि मनाचा उपचार शेवटच्या पानावर, असा हा क्रम आहे. वहीत पहिली नोंद हीच करावी.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारावा : हा मुलगा कोणाशी बोलतो आहे? कादंबरीचे पहिलेच वाक्य ‘तुम्हाला’ उद्देशून आहे आणि त्याचा पहिला शब्द ‘जर’ या अर्थाचा आहे. खरेच ऐकायचे असेल तर, अशी अट घालून तो सुरुवात करतो. ज्याचे बोलणे आजवर कोणी पुरते ऐकून घेतलेले नाही तोच अशी अट घालतो.

दुसरी पायरी : पालुपदे मोजावीत, पण ती कुठे पडतात हे पाहण्यासाठी

किशोरवयीन निवेदकाला काही ठरलेले शब्द दिले की भाषा जिवंत होते, असा एक सोपा समज आहे. शब्दांची लकब ही केवळ रंगरंगोटी असेल तर दहाव्या पानावर तिचा वीट येतो. चांगल्या लेखकाच्या हातात पालुपदे दुखण्याच्या जागा दाखवतात. होल्डनच्या इंग्रजीत एक शेपूट वाक्याच्या शेवटी सतत येते, ज्याला मराठीत ‘वगैरे’ हाच सर्वांत जवळचा शब्द आहे. दुसरी सवय म्हणजे आपण खरे बोलत आहोत अशी ग्वाही देत राहणे. तिसरी म्हणजे एखादी गोष्ट केल्यावर ‘का ते ठाऊक नाही’ असे म्हणून ती सोडून देणे.

आता या तिन्ही सवयी कुठे येतात ते तपासावे. भावाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी आपल्याला मनोविश्लेषकाकडे पाठवायचे ठरवले होते, हे सांगताना तो त्या वाक्याला ‘वगैरे’ जोडतो. हाताला इजा झाल्यामुळे आपल्याला रुग्णालयात राहावे लागले, हे सांगतानाही तेच शेपूट येते. क्षुल्लक गोष्टींच्या मागे येणारा ‘वगैरे’ आळसाचा असतो, पण या दोन ठिकाणी तो दार लोटून घ्यावे तसा येतो. ‘का ते ठाऊक नाही’ हे वाक्यही असेच पाहावे. पेन्सी सोडून रात्री निघताना, जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मागे वळून पाहताना तो काहीसा रडत असतो, आणि का ते ठाऊक नाही म्हणतो. अगदी शेवटी धाकटी बहीण फीबी निळा कोट घालून गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यावर बसलेली असते, पाऊस पडत असतो, त्याला रडू फुटेल इतका आनंद होतो, आणि तिथेही का ते ठाऊक नाही. पहिल्या प्रसंगापासून दुसऱ्यापर्यंत वाचकाला मात्र ते ठाऊक झालेले असते.

‘कोसला’च्या वाचकाला ‘वगैरे’चे हे काम नवे नाही. पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा होऊन बोलतो, म्हणजे तो किशोर निवेदक नव्हे, पण त्याच्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांनी मराठी गद्यात हीच किमया करून दाखवली. स्वतःचे आयुष्य सांगताना ‘उदाहरणार्थ’ म्हणणारा माणूस ते आयुष्य आपले नसून कोणाचेही असू शकले असते असे सुचवत असतो. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूपाशी त्या टवाळ सुराचे काय होते, हे एकदा याच दृष्टीने वाचून पाहावे.

तिसरी पायरी : एकच धागा धरून उशिरा आलेल्या गोष्टी शोधाव्यात

संपूर्ण पद्धतीचा गाभा येथे आहे, म्हणून या पायरीवर घाई करू नये. निवेदकाच्या आयुष्यातली एक जखम निवडावी आणि ती किती हप्त्यांत सांगितली गेली ते वहीतल्या आकड्यांवरून लावून पाहावे. होल्डनच्या बाबतीत ती जखम म्हणजे धाकटा भाऊ ॲली.

ॲली प्रथम पाचव्या प्रकरणात येतो, आणि तोही आडवाटेने. खोलीत राहणारा स्ट्रॅडलेटर होल्डनकडून वर्गासाठी एक निबंध लिहून मागतो. एखाद्या खोलीचे किंवा घराचे वर्णन हवे असते. होल्डनला खोली सुचत नाही, त्याला सुचतो ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा, कारण तो वर्णनाला फार चांगला विषय आहे. मोजा डावखुऱ्याचा आहे. मैदानात खेळ थांबलेला असताना वाचायला काही असावे म्हणून ॲलीने त्याच्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. इतके सगळे सांगून झाल्यावर एक छोटे वाक्य येते की तो आता नाही. १८ जुलै १९४६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. जो मुलगा बाकी सगळ्या बाबतींत आकडे फुगवतो, तो ही तारीख मात्र नेमकी सांगतो.

मृत्यूनंतर काय घडले हे तो दोन-तीन वाक्यांत उरकतो. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि तिथल्या सगळ्या काचा त्याने मुठीने फोडल्या. गाडीच्या काचाही फोडायच्या होत्या, पण तोवर हात मोडला होता. ते मूर्खपणाचे होते हे तो कबूल करतो आणि लगेच जोडतो की तुम्ही ॲलीला ओळखत नव्हता. दुःखाचे एकही विशेषण न वापरता दुःख कसे सांगावे याचा धडा म्हणून मी हे पान अनेकदा काढून वाचतो. पुढच्या प्रकरणात स्ट्रॅडलेटर तो निबंध पाहून चिडतो, कारण मागितले होते घराचे वर्णन. होल्डन कागद फाडून टाकतो. थोड्या वेळाने तो स्ट्रॅडलेटरवर हात उगारतो. मारामारीचे उघड कारण जेन नावाची मुलगी आहे, पण तिसरा रकाना नीट भरला असेल तर वाचकाला दुसरे कारणही दिसेल.

नंतर बराच काळ ॲली गप्प असतो. चौदाव्या प्रकरणात, हॉटेलच्या खोलीत मध्यरात्रीनंतर, होल्डन मोठ्याने त्याच्याशी बोलू लागतो. काय बोलतो? घरी जाऊन सायकल घेऊन ये आणि बॉबीच्या घरासमोर भेट, असे. मागे एकदा छर्ऱ्यांच्या बंदुका घेऊन बॉबी या मित्राबरोबर जाताना त्याने लहान म्हणून ॲलीला नेले नव्हते. ॲली रुसलाही नव्हता. फार खचल्यासारखे वाटले की होल्डन त्याला नव्याने बोलावतो. ‘मला अपराधी वाटते’ हे वाक्य या प्रसंगात कुठेही नाही.

आणि मग विसावे प्रकरण. दारू प्यालेला, केसांत बर्फाचे गोळे झालेले, थंडीने कुडकुडणारा होल्डन सेंट्रल पार्कमध्ये बसून आपल्याला न्यूमोनिया होईल आणि आपण मरू अशी कल्पना करतो. स्वतःच्या अंत्यविधीचे चित्र रंगवता रंगवता त्याला ॲलीचा अंत्यविधी आठवतो, आणि येथे, पहिल्या उल्लेखानंतर पंधरा प्रकरणांनी, आपल्याला कळते की तो तिथे नव्हता. मोडलेल्या हातामुळे तो रुग्णालयात होता. पाचव्या प्रकरणातल्या फुटलेल्या काचांचा अर्थ या एका वाक्याने बदलतो : ज्या रागाने त्याने हात मोडून घेतला त्याच रागाने त्याच्याकडून भावाचा शेवटचा निरोपही हिरावून घेतला. त्यालगत दफनभूमीची आठवण आहे. दोनदा तिथे पाऊस आला, भेटायला आलेली सगळी माणसे धावत मोटारींत जाऊन बसली आणि रेडिओ लावून कुठेतरी जेवायला जाऊ शकली. सगळी, फक्त ॲली सोडून.

पंचविसाव्या प्रकरणात धागा ताणून तुटायला येतो. फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालताना प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी त्याला वाटते की आपण पलीकडे पोहोचणारच नाही, नाहीसे होऊ. तो ॲलीला विनवतो की मला नाहीसा होऊ देऊ नकोस, आणि पलीकडच्या पदपथावर पाय पडला की त्याचे आभार मानतो. या मुलाने तोवर शेकडो मते ठणकावून मांडलेली आहेत. वहीतील आकडे मात्र पाच, चौदा, वीस आणि पंचवीस असे उभे राहतात, आणि कादंबरीचा कणा तोच आहे.

विषयांतराविषयी येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. पेन्सीत भाषणाच्या एका तासाला विद्यार्थी बोलताना विषय सोडून गेला की बाकीच्यांनी ‘विषयांतर’ असे ओरडायचे, असा नियम होता. एक घाबरट मुलगा वडिलांच्या शेताविषयी बोलता बोलता पोलिओ झालेल्या काकांविषयी बोलू लागतो आणि वर्ग त्याच्यावर ओरडतो. होल्डनला मात्र तेच बोलणे आवडले होते. म्हणजे हे निवेदन कसे वाचायचे याची किल्ली लेखकाने निवेदकाच्याच हातात ठेवली आहे. अशा मुलाचे विषयांतर सुरू झाले की पाने चाळू नयेत.

चौथी पायरी : न केलेल्या गोष्टींची यादी करावी

न्यूयॉर्कच्या स्थानकावर उतरताच होल्डन फोनच्या खोलीत शिरतो. कोणाकोणाला फोन करता येईल याचा विचार करतो, प्रत्येक नावापुढे न करण्याचे एक पटण्यासारखे कारण शोधतो, आणि वीसेक मिनिटांनी कोणालाही फोन न करता बाहेर येतो. प्रसंगात काहीही घडत नाही, पण एकटेपणाचे याहून नेमके वर्णन मला चटकन आठवत नाही.

जेन गॅलागरचे प्रकरणही असेच आहे. ती शाळेच्याच आवारात आलेली असताना खाली जाऊन भेटावे असे तो पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि आपला मूड नाही म्हणून जात नाही. नंतर दोनदा फोन लावतो. एकदा तिची आई बोलते म्हणून तो ठेवून देतो, एकदा कोणी उचलत नाही. त्याच्या मनात मात्र जेन अतिशय स्पष्ट आहे. सोंगट्यांच्या खेळात ती आपले राजे मागच्या रांगेतून हलवत नसे, आणि एकदा सावत्र वडील येऊन काहीतरी विचारून गेल्यावर तिच्या डोळ्यांतला थेंब पटावर पडला, तो तिने बोटाने पुसला. जिच्याविषयी इतके बारकाईने आठवते तिला तो गाठत नाही. ‘मूड नाही’ या शब्दांचे भाषांतर प्रत्येक वाचकाने स्वतःच करावे.

पाचवी पायरी : इतरांचे संवाद वेगळे काढून वाचावेत

निवेदक आपल्याला स्वतःचे तोंड दाखवत नाही, पण इतरांच्या बोलण्यात ते उमटते. सतराव्या प्रकरणात होल्डन सॅली या मैत्रिणीपुढे शाळा, शहर, मोटारी अशा सगळ्यांवर तावातावाने बोलतो आणि दूर कुठेतरी पळून जाऊ म्हणतो. सॅली त्याला ओरडू नकोस म्हणते. निवेदक सांगतो की आपण ओरडतच नव्हतो. कोणाचे खरे मानायचे? प्रसंग पुन्हा वाचावा, पण या वेळी फक्त सॅलीची वाक्ये वाचावीत. एका उथळ मुलीऐवजी समोरच्याचे काहीतरी बिनसले आहे हे ओळखून घाबरलेली मुलगी दिसू लागते. तळ्यावरची बदके हिवाळ्यात कुठे जातात, असे होल्डन टॅक्सीवाल्याला विचारतो तेव्हा तो मागे वळून ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेचेही काम हेच.

सर्वांत महत्त्वाची साक्ष फीबीची आहे. तुला आवडते अशी एक तरी गोष्ट सांग, असे ती विचारते. त्याला धड एकाग्र होता येत नाही. त्याच्या मनात जेम्स कॅसल येतो. आधीच्या एका शाळेत मुलांच्या छळापुढे शब्द मागे न घेता ज्याने खिडकीतून उडी मारली तो हा मुलगा. त्या वेळी त्याच्या अंगात होल्डनने उसना दिलेला स्वेटर होता, आणि हजेरीत त्याचे नाव होल्डनच्या अगदी आधी येत असे. होल्डन हे फीबीला सांगत नाही, आपल्याला सांगतो. तिला तो म्हणतो की मला ॲली आवडतो. ती उत्तरते की ॲली मेलेला आहे. दहा वर्षांची मुलगी एका वाक्यात जे बोलते, ते निवेदकाने बावीस प्रकरणे स्वतःला ऐकू दिलेले नाही.

खोटेपणा आणि प्रतीके यांविषयी थोडक्यात

आपण पट्टीचे खोटारडे आहोत असे होल्डन स्वतः सांगतो, आणि आगगाडीत वर्गमित्राच्या आईला स्वतःचे नाव वसतिगृहाच्या शिपायाचे सांगून ते सिद्धही करतो. त्यावरून ‘अविश्वसनीय निवेदक’ हा शिक्का मारणे सोपे आहे, पण शिक्का मारल्यावर विचार थांबतो. तो इतरांशी कशाविषयी खोटे बोलतो आणि आपल्याशी कशाविषयी बोलत नाही, हा फरक नोंदवावा. प्रतीकांच्या बाबतीत माझा सल्ला आणखी तुटक आहे. लाल टोपी, बदके, वस्तुसंग्रहालय यांचे अर्थ परीक्षेच्या मार्गदर्शकांत छापून आलेले असतात. त्यापेक्षा टोपी तो कधी घालतो आणि कोणासमोर काढून खिशात कोंबतो एवढे पाहिले तरी पुरे. आणि निदान करण्याचा मोह टाळावा. होल्डनला कोणता विकार आहे हे ठरवणे वाचकाचे काम नाही. चोविसाव्या प्रकरणात एका शिक्षकाच्या घरातून घाबरून निघून गेल्यावर तो ओझरते सांगतो की असले प्रकार लहानपणापासून आपल्याबाबत वीसेक वेळा घडलेले आहेत. तो तिथे थांबत नाही आणि कादंबरीही तिथे थांबत नाही. वाचकाने त्या वाक्यापाशी थांबावे, पण त्यावरून प्रकरणाची फाइल तयार करू नये.

लिहिणाऱ्यांसाठी

सॅलिंजर यांनाही हा आवाज एका दमात सापडला नव्हता. होल्डनची एक प्रथमपुरुषी कथा १९४५ साली नियतकालिकात आली. १९४६ च्या डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याचीच दुसरी कथा आली, ती तृतीयपुरुषी होती, आणि तीत पुढे कादंबरीत आलेला सॅलीबरोबरचा प्रसंग आहे. तिथे आपण होल्डनकडे बाहेरून पाहतो, आणि तो बराचसा एक भरकटलेला, आगाऊ मुलगा दिसतो. कादंबरीतल्या सतराव्या प्रकरणाशेजारी ती कथा ठेवून वाचली तर ‘मी’मुळे नेमके काय आत येते हे दिसते.

मराठीत लिहिताना दोन निर्णय पहिल्या ओळीच्या आधी घ्यावे लागतात. पहिला बोलीचा. या वयाचा मुलगा ‘होते’ म्हणणार की ‘होतं’, आणि तो कोणत्या गावचा आहे, हे ठरले नाही तर निवेदन लेखकाच्या तोंडचे वाटते. दुसरा निर्णय नात्यांचा आहे, आणि त्यातला एकेरी की अहो-जाहो हा प्रश्न इंग्रजी लेखकापुढे येतच नाही. वडिलांना हा मुलगा ‘बाबा’ म्हणतो, ‘पप्पा’ म्हणतो, ‘आमचे तीर्थरूप’ म्हणतो की नुसते ‘ते’ म्हणतो? एकेरीवरून अहो-जाहोवर, किंवा उलट, तो कधी येतो? एखाद्या पानावर ‘बाबा म्हणाले’ हे ‘बाबा म्हणाला’ झाले, तर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज राहत नाही. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा (२००४) नववीतला मुकुंद जोशी होल्डनसारखा जखमी नाही, पण मुलगा मित्रांत कसा बोलतो, घरात कसा आणि मनात कसा, हे तीन स्तर कानाने पकडण्यासाठी ती कादंबरी जवळ ठेवावी.

मग एक पान लिहावे. समजा, डब्याविषयी :

‘हल्ली माझ्या डब्यात ब्रेड-जॅम असतो. मला ब्रेड-जॅम पहिल्यापासूनच आवडतो. पम्या म्हणाला, तुझ्या आईच्या हातची मेथी कुठं गेली रे, तर मी सांगितलं की मेथी महाग झाली आहे वगैरे. ती खरंच महाग झाली आहे, हवं तर मंडईत जाऊन विचारा. बाबा जॅम लावतात तेव्हा अगदी कडेपर्यंत लावतात, त्यामुळं डबा चिकट होतो. तो मी शाळेतच धुतो. घरी धुता येत नाही असं नाही, पण मोरीत अजून तिची हिरवी घासणी आहे आणि ती कोणी वापरायची हे ठरलेलं नाही. मला आईची फार आठवण येते.’

लिहून झाल्यावर ज्या वाक्यात निवेदकाने स्वतःच्या भावनेचे नाव घेतले आहे ते शोधून काढावे. येथे ते शेवटचे आहे. ते खोडावे आणि पान पुन्हा मोठ्याने वाचावे. मेथीच्या भावाविषयी पुरावा देऊ करणारे वाक्य मात्र हात न लावता ठेवावे, कारण कोणी मागितला नसताना दिलेला पुरावा हीच त्या मुलाची दुखरी जागा आहे.

आई कुठे आहे, ती रुग्णालयात आहे, घर सोडून गेली आहे की वारली आहे, हे या पानावर सांगू नये. पुढच्याही नाही. मधल्या प्रकरणांत हा मुलगा क्रिकेट, शिकवणी, पम्याची सायकल अशा विषयांवर भरपूर बोलू दे, त्यात त्याची मतेही येऊ देत. मग कधीतरी पम्या त्याच्या घरी येईल, दोघे काहीतरी खातील, आणि पम्या ताटली विसळायला मोरीत जाऊन सहज ती हिरवी घासणी उचलेल. तिथपर्यंत थांबावे, आणि तो प्रसंग लिहायला घ्यावा.